रिपोर्टवरचे एक अक्षर

२०१७ साली अमेरिकेतल्या ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. रुग्ण ट्रान्स पुरुष होता. जन्माच्या वेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली होती, पण तो पुरुष म्हणून जगत होता आणि टेस्टोस्टेरॉन घेत होता. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या, म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याचा विचार सुरू होता. अमेरिकेत या यादीतली प्रतीक्षा मोजायला सुरुवात होते ती किडनीची गाळण्याची क्षमता २० किंवा त्याखाली आली की. त्या दिवसापासून माणूस रांगेत उभा राहतो आणि ही रांग अनेकदा काही वर्षांची असते. आता या रुग्णाचे रक्त तपासले आणि आकडा काढताना गणितात ‘स्त्री’ लिहिले, तर उत्तर २० च्या खाली येत होते. ‘पुरुष’ लिहिले तर वर. रक्त एकाच नळीतले, किडन्या त्याच, दिवसही तोच. रांगेत उभे राहायचे की बाहेर थांबायचे, हे फॉर्मवरच्या एका अक्षराने ठरणार होते.

लिंगभाव-पुष्टी करणाऱ्या हार्मोन उपचारांचा किडनीवर काय परिणाम होतो, या प्रश्नाची अडचण इथेच सुरू होते. शरीरात काय बदलले आणि कागदावर काय बदलले, या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. त्या वेगळ्या न केल्यामुळे कुणाला नसलेला आजार चिकटतो, तर कुणाचा असलेला आजार नजरेतून सुटतो.

किडनी मिनिटाला किती रक्तद्रव गाळते, ते थेट मोजणे कटकटीचे असते. त्यासाठी आयोहेक्सॉलसारखे द्रव्य शिरेतून देऊन काही तास रक्ताचे नमुने घ्यावे लागतात. रोजच्या दवाखान्यात ते कोण करणार? म्हणून वैद्यकाने आडवाट धरली. स्नायूंमधल्या क्रिएटिनपासून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ सतत तयार होतो आणि किडनी तो बाहेर टाकते. जर्मन वैज्ञानिक माक्स याफे यांनी १८८६ मध्ये त्याची पिक्रिक आम्लाबरोबरची रंगीत अभिक्रिया नोंदवली आणि तिच्यावर आधारलेली तपासणी आजही असंख्य लॅबमध्ये चालते. रक्तात क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी कमी गाळते आहे, असा साधा हिशेब. पण टाकीतल्या पाण्याची पातळी पाहून निचरा कसा आहे हे सांगायचे, तर वरचा नळ किती सोडला आहे हेही ठाऊक असावे लागते. क्रिएटिनिनच्या बाबतीत हा नळ म्हणजे स्नायू. पिळदार अंगाच्या माणसाचे क्रिएटिनिन जास्त, कृश आजीबाईंचे कमी. किडन्या मात्र दोघांच्याही सारख्याच असू शकतात.

स्नायू किती हे दर वेळी मोजता येत नाही, तेव्हा त्यांचा अंदाज वय आणि लिंग यांवरून बांधायची पद्धत पडली. १९७६ मध्ये डोनाल्ड कॉक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र जगभर पसरले आणि औषधांचे डोस ठरवताना ते आजही वापरले जाते. त्यांच्या अभ्यासात २४९ रुग्ण होते, माँट्रियलमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले, आणि जवळजवळ सगळेच पुरुष. मग स्त्रियांचे काय? बायकांच्या अंगात स्नायू कमी असतात, तेव्हा उत्तर १५ टक्क्यांनी कमी करा, असे सुचवण्यात आले. स्त्रियांच्या पुरेशा मोजमापांतून हा आकडा निघालेला नव्हता. पुढची पन्नास वर्षे तो औषधांच्या माहितीपत्रकांत मुक्कामाला आहे.

नंतरची सूत्रे अधिक काळजीने, हजारो लोकांच्या माहितीवरून बांधली गेली. सध्या अमेरिकेत आणि इतरत्रही बरेच वापरले जाणारे सूत्र २०२१ चे आहे. त्यातून वंशाचा गुणक काढून टाकला गेला आणि ते योग्यच झाले. लिंगाचा गुणक मात्र राहिला. त्याचा फरक किती पडतो, ते प्रत्यक्ष गणित करून पाहण्यासारखे आहे. वय ३० आणि क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम. पुरुष म्हणून मोजले तर गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवर जिला ईजीएफआर म्हणतात ती, ७६ येते. स्त्री म्हणून मोजले तर ५७. हा आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला की डॉक्टर किडनीचा दीर्घकालीन आजार म्हणून नोंद करतात. म्हणजे एकच नमुना एका रकान्यात निरोगी आणि दुसऱ्या रकान्यात आजारी ठरू शकतो.

आता या सूत्रात हार्मोन घेणारे शरीर ठेवून पाहू.

टेस्टोस्टेरॉन सुरू झाले की काही महिन्यांत स्नायू वाढतात, चरबीची ठेवण बदलते. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनरोधक औषधे घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये स्नायू हळूहळू कमी होतात. क्रिएटिनिन त्यांच्या मागोमाग सरकते. २०२२ मध्ये अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ३७० ट्रान्स पुरुषांमध्ये उपचाराच्या वर्षभरानंतर क्रिएटिनिन सरासरी ०.१५ मिलिग्रॅमने वाढलेले दिसले. ३६१ ट्रान्स स्त्रियांमध्ये ते सरासरी ०.०५ ने उतरले होते, पण ही घट इतकी बारीक की ती योगायोगाचीही असू शकते. ०.१५ ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ३० वर्षांच्या माणसाचे क्रिएटिनिन ०.९ वरून १.०५ वर गेले आणि लॅबच्या नोंदीत ‘स्त्री’च असेल, तर त्याचा ईजीएफआर ८८ वरून ७३ वर घसरलेला दिसतो. वर्षात पंधराची घसरण पाहून कोणताही डॉक्टर भुवया उंचावेल. मधल्या काळात आधार कार्ड बदलले आणि लॅबमध्ये ‘पुरुष’ अशी नोंद झाली, तर तोच आकडा ९८ होतो आणि किडनी एका रात्रीत सुधारल्यासारखी दिसते. दोन्ही वेळा किडनीने काहीही केलेले नसते.

मग किडनीचे खरेच काय होते? याचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर ॲमस्टरडॅममधून येत आहे. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या लिंगभाव केंद्रात १९७० च्या दशकापासून हजारो लोकांनी उपचार घेतले आहेत आणि त्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. तिथल्या संशोधकांनी क्रिएटिनिनची आडवाट सोडली आणि हार्मोन सुरू करण्याआधी व नंतर गाळण्याची क्षमता थेट मोजली. ट्रान्स स्त्रियांमध्ये किडनीतला रक्तप्रवाह आणि गाळण्याची क्षमता किंचित वाढलेली आढळली. ट्रान्स पुरुषांमध्ये थेट मोजलेली क्षमता फारशी हलली नाही. टेस्टोस्टेरॉनने किडनी खराब होते, असा जो धसका क्रिएटिनिन पाहून बसतो, त्याला या मोजमापात आधार मिळत नाही.

तरी विषय इथे बंद करता येत नाही. किडनीचा दीर्घकालीन आजार जगात स्त्रियांमध्ये जास्त आढळतो, पण डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. यात हार्मोनचा वाटा किती आणि राहणीमानाचा, व्यसनांचा, उपचार मिळण्या-न मिळण्याचा किती, हा जुना वाद आहे. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. टेस्टोस्टेरॉनबाबत उंदरांचा एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठात जेन रेकेलहॉफ यांनी १९९८ मध्ये दाखवले, की आनुवंशिक उच्च रक्तदाब असणाऱ्या जातीच्या नर उंदरांचे वृषण काढले की त्यांचा रक्तदाब उतरतो. उंदरावरून माणसाचे अनुमान सावधपणेच काढायचे असते. ट्रान्स व्यक्तींचे अभ्यास इथेच मोलाचे ठरतात, कारण एकाच माणसाचे गुणसूत्र, घर, आहार सारे तेच राहते आणि फक्त हार्मोन बदलते. या लोकांनी रक्ताच्या नळ्या भरून दिल्या, त्यातून सगळ्याच स्त्री-पुरुषांच्या किडनीबद्दल शिकायला मिळते आहे. ज्या समाजाला वैद्यकाने कायम दाराबाहेर ठेवले, त्याचे हे देणे मोठे आहे.

आकड्याच्या घोळावर एक उपाय उपलब्ध आहे. सिस्टाटिन सी नावाचे छोटे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. स्वीडनमधल्या लुंड इथल्या आंदर्स ग्रुब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये किडनीच्या तपासणीसाठी ते सुचवले. युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने २०२३ मध्ये सिस्टाटिन सी वापरून लिंगाचा रकानाच नसलेले सूत्र मांडले. किडनीविषयीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही, क्रिएटिनिनवर भरवसा ठेवता येत नसेल तिथे दोन्ही तपासण्या एकत्र करा, असेच सांगतात. सिस्टाटिनलाही मर्यादा आहेत. थायरॉइडचा विकार, स्टिरॉइड, धूम्रपान, लठ्ठपणा आणि शरीरातला दाह यांनी ते हलते, शिवाय हार्मोन उपचारांमुळेही थोडे हलत असावे, असे ॲमस्टरडॅमच्याच नोंदी सुचवतात. आपल्याकडे ही तपासणी क्रिएटिनिनपेक्षा महाग पडते आणि गावच्या लॅबमध्ये सहसा मिळत नाही. ती नसेल तर निदान दोन्ही सूत्रांनी येणारे दोन आकडे डॉक्टरांनी समोर ठेवावेत, लघवीतले अल्ब्युमिन तपासावे आणि रुग्णाशी बोलावे. हे कुठल्याही तालुक्याच्या गावी करता येते.

रक्तदाबाची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. वॉशिंग्टन शहरातल्या दोन आरोग्यसंस्थांमधल्या ४७० ट्रान्स आणि लिंगभाव-विविध प्रौढांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये ‘हायपरटेन्शन’ या नियतकालिकात अभ्यास आला. काही जणांचा मागोवा पावणेपाच वर्षांपर्यंत घेतला होता. उपचार सुरू झाल्यावर दोन ते चार महिन्यांतच स्त्रीत्वाच्या दिशेने हार्मोन घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ४ ने उतरला, तर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचा २.६ ने चढला. पहिल्या गटात १४०/९० च्या वर असणाऱ्यांचे प्रमाण १९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. २.६ हा आकडा एका माणसाच्या बाबतीत नगण्य आहे, एक जिना चढून आले तरी त्याहून जास्त फरक पडतो. पण ज्याचे बीपी आधीच १३८ आहे, घरात आई-वडील दोघांना रक्तदाब आहे आणि खिशात सिगारेटचे पाकीट आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांनी तो मनात ठेवायलाच हवा.

टेस्टोस्टेरॉनचा आणखी एक परिणाम रक्त दाट होण्याचा. ॲमस्टरडॅमच्या १,०७३ ट्रान्स पुरुषांच्या नोंदींत ११ टक्क्यांचे हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, कधी ना कधी ५० टक्क्यांच्या वर गेलेले आढळले. ५४ च्या वर गेलेले मात्र दोनशेत एक इतकेच होते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि जास्त वजन असणाऱ्यांत हे अधिक दिसले. म्हणून फॉलोअपमध्ये बीपीच्या पट्ट्याबरोबर हिमोग्राम येतो.

इथे, असा फॉलोअप ठरण्याच्या फार आधी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या एका माणसाची आठवण काढायला हवी. ब्रिटनमधल्या मायकेल डिलन यांनी १९३९ च्या सुमारास टेस्टोस्टेरॉन घ्यायला सुरुवात केली, तेव्हा हे हार्मोन प्रयोगशाळेत वेगळे काढले जाऊन चारच वर्षे झाली होती. पुढे ते स्वतः डॉक्टर झाले, जहाजांवर काम केले, वर्तमानपत्रांनी त्यांचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणल्यावर भारतात आले, बौद्ध भिक्षू झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारले. त्यांच्या हयातीत कॉक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्रही जन्माला आलेले नव्हते.

इस्ट्रोजेनने रक्तदाब उतरतो असे वर म्हटले, पण कोणत्या इस्ट्रोजेनने, हे विचारल्याशिवाय ते वाक्य अपुरे राहते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते. तिथे ते अँजिओटेन्सिनोजेन नावाच्या प्रथिनाचे उत्पादन वाढवते. किडनीतून येणारे रेनिन या प्रथिनावर काम करते आणि शेवटी रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ-पाणी अंगात धरले जाते. एथिनिल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन यकृतात सहजासहजी मोडत नाही, त्यामुळे त्याचा हा परिणाम फार जोरकस असतो. गर्भनिरोधक गोळ्यांत तेच वापरतात आणि त्या गोळ्यांनी काही स्त्रियांचे बीपी वाढते, हे वैद्यकाला १९६० च्या दशकापासून ठाऊक आहे. ॲमस्टरडॅममध्येही सुरुवातीच्या काळात ट्रान्स स्त्रियांना एथिनिल इस्ट्राडायोल दिले जाई. रक्ताच्या गुठळ्यांचे प्रमाण पाहून ते सोडून देण्यात आले. आता शरीरातल्या इस्ट्रोजेनशी तंतोतंत जुळणारे इस्ट्राडायोल वापरतात आणि वय किंवा जोखीम जास्त असेल तर त्वचेवरची पट्टी किंवा जेल. त्वचेतून गेलेले औषध यकृताचा तो पहिला फेरा टाळते.

आपल्याकडची खरी काळजीची जागा हीच आहे. अनेक ट्रान्स स्त्रिया आणि हिजडा समाजातली माणसे डॉक्टरकडे जातच नाहीत, कारण तिथे पदरी अपमान येतो. मैत्रीण सांगते किंवा गुरूच्या घरातली कुणी सांगते, आणि मेडिकलमधून ‘माला-डी’सारखी गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे येतात. एका गोळीत एथिनिल इस्ट्राडायोल ३० मायक्रोग्रॅम. परिणाम लवकर दिसावा म्हणून एकीच्या जागी तीन-चार घेतल्या जातात. बीपी मोजायला कुणी नाही, रक्त तपासायला कुणी नाही. अशा वेळी डोके दुखते, पायावर सूज येते आणि मग ‘हार्मोनने वाट लावली’ असे बोलले जाते. वाट लावणारी गोष्ट हार्मोन नसते. चुकीचे औषध, चौपट डोस आणि तपासणीचा अभाव यांनी नुकसान केलेले असते. उपचार बंद करा, असा सल्ला याला उत्तर होऊ शकत नाही. योग्य उपचार हाताशी आणून देणे हेच उत्तर आहे.

टेस्टोस्टेरॉनरोधक म्हणून युरोपात बहुधा सायप्रोटेरॉन देतात, अमेरिकेत स्पायरोनोलॅक्टोन. भारतात दोन्ही चालतात. स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारे आणि रक्तदाब उतरवणारे औषध, सर्ल कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणलेले. हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या १९९९ च्या गाजलेल्या ‘राल्स’ चाचणीत ते घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना स्तनवाढ किंवा स्तनदुखी झाली. त्यांच्यासाठी तो दुष्परिणाम होता, ट्रान्स स्त्रीला नेमका तोच हवा असतो. त्या चाचणीत डोस दिवसाला सरासरी २६ मिलिग्रॅम होता. इथे तो १०० ते ३०० पर्यंत जातो. वॉशिंग्टनच्या अभ्यासात उतरलेल्या बीपीबद्दल बोलताना हे औषध विसरून चालत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन किडनीतून पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही. तरुण, निरोगी किडन्या असतील तर सहसा बिघडत नाही. पण किडनी कमजोर असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी जोडीला असेल, किंवा तापात आणि जुलाबात अंगातले पाणी कमी झालेले असेल, तर रक्तातले पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी त्यात भर पडते. ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ म्हणजे बऱ्याच अंशी पोटॅशियम क्लोराइड, हे घरोघरी माहीत नसते. रोज शहाळे पिणाऱ्यानेही डॉक्टरांच्या कानावर घालावे. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या सूचनांनुसार स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांचे पोटॅशियम पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासायचे असते. ही साधी तपासणी आहे, तिने जीव वाचतात.

एचआयव्हीच्या उपचारांत हे सगळे धागे एकत्र येतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातली नेहमीची गोळी टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची असते. टेनोफोव्हिर किडनीच्या नलिकांना इजा करू शकते, म्हणून क्रिएटिनिनवर लक्ष ठेवतात. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची टेनोफोव्हिरची प्रतिबंधक गोळीही, गाळण्याची क्षमता ६० च्या खाली असेल तर सहसा देत नाहीत. डोल्युटेग्राव्हिर क्रिएटिनिनची एक बाहेर पडायची वाट अडवते, त्यामुळे किडनी शाबूत असूनही आकडा थोडा चढतो. रुग्णाला जंतुसंसर्ग टाळायला को-ट्रायमोक्साझोल दिले असेल तर त्यातले ट्रायमेथोप्रिमही तेच करते आणि वर पोटॅशियमही वाढवते. अशी ट्रान्स स्त्री स्पायरोनोलॅक्टोनही घेत असेल, तर पोटॅशियमची तपासणी ठरल्यापेक्षा आधी करणे भाग आहे. आणि तिच्या रिपोर्टवरचा ईजीएफआर कोणत्या लिंगाच्या सूत्राने काढला, हे न पाहता टेनोफोव्हिर बंद करणे म्हणजे तिचे संरक्षण काढून घेणे ठरू शकते.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्कसंरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचारांसह वैद्यकीय सोयींची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली. प्रत्यक्षात काही वर्षे ज्यांनी हे काम नेटाने केले त्यांत ‘मित्र’ क्लिनिक होती. पहिले २०२१ मध्ये हैदराबादला सुरू झाले, पुढे कल्याण आणि पुण्यातही. तिथे ट्रान्स समाजातली माणसेच काम करत होती, हार्मोनविषयी सल्ला आणि एचआयव्हीची तपासणी एकाच छपराखाली होत होती. २०२५ च्या सुरुवातीला त्यांना मिळणारी अमेरिकी सरकारची मदत थांबली आणि ही केंद्रे बंद झाली. जिल्हा रुग्णालयांना ती पोकळी भरून काढणे अवघड नाही, कारण लागणारे सामान तिथे आहेच: बीपीचे यंत्र, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी, हिमोग्राम, लघवीची तपासणी. हार्मोनच्या पहिल्या डोसाआधी हे सगळे एकदा करून कागद रुग्णाच्या हाती ठेवावा. पुढे कधी आकडा हलला, तर तो माणूस कोणत्या पातळीवरून निघाला होता ते त्या कागदावरून कळते. लॅबच्या फॉर्मवर कोणते औषध केव्हापासून सुरू आहे, हे लिहायला एक ओळ ठेवावी. आणि लिंगाच्या रकान्यात काय लिहायचे, हे काउंटरवरच्या माणसाने चेहऱ्याकडे पाहून ठरवू नये. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीलाच ते विचारावे.